खांबाची गिटार, घागरीची गिटार

कळसाडी, ता. शहादे
११ फेब्रुवारी १९६५

शांतूभाऊ,

आधी चूक दुरुस्त करते, खुशाली नंतर. मागच्या पत्रात मी लिहिले होते की उसाच्या चरकात रतिदादाच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. ते खरे नाही. करंगळी गेली. तिच्या शेजारचे बोट जागेवर आहे, पण ते सरळच राहते, वाकत नाही, आणि त्याला स्पर्श कळत नाही. मी ते आत्तापर्यंत पाहिलेच नव्हते. अपघाताला वर्ष झाले तरी दादा तो हात उपरण्यात गुंडाळून ठेवतो. जेवतानाही मांडीआड धरतो. काल हौदावर आपण एकटेच आहोत असे समजून तो हात धूत होता, तेव्हा दिसले. तू त्या हातासाठी गिटार पाहायला जाणार आणि मी तुला हातच चुकीचा सांगितला, म्हणून जिवाला चैन नव्हते.

बासरी का सुटली तेही आता उमगले. त्या बोटाला छिद्र कळत नाही. मला वाटत होते, तो बापूंच्या धाकाने वाजवत नाही. धाक आहेच. बापूंचे एकच म्हणणे, "मन बासरीमा व्हतं, म्हनीसन हात चरकमा गया." बासरी त्यांनी माळ्यावर टाकून दिली आणि घरात तिचे नाव निघत नाही. दादाही उलट बोलत नाही. तो आता कोणाशीच फारसे बोलत नाही. माणसे ओट्यावर बसली की मागच्या दाराने मळ्यात जातो. तू गेलास तेव्हाचा आपला दादा आठवतोस ना? ज्वारीच्या शेतातल्या माळ्यावर, मचाणावर बसून पाखरांना हाकलायचे सोडून त्यांनाच बासरी ऐकवणारा? तसा माणूस आता या घरात नाही.

गिटारीचे का सुचले ते पुन्हा सांगते, कारण मागच्या वेळी घाईत लिहिले. मार्गशीर्षात शहाद्याला लग्नाला गेलो होतो. बँडमधला एक जण विजेवरची गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवत होता. तारा बोटांनी दाबायच्या नाहीत. डाव्या हातात पोलादाची कांडी धरायची आणि ती तारांवरून सरकवायची. दादा मांडवाच्या मागे उभा राहिला तो बँडवाल्यांनी सामान बांधेपर्यंत. परत येताना गाडीत एवढेच बोलला, "आवाज बासरीगत शे. फूक नही, पन शे." वर्षभरात त्याच्या तोंडून आलेले ते सर्वांत लांब वाक्य.

तू लिहिलेस की मुंबईच्या त्या दुकानात दोन गिटारी आहेत, एकाच कारखान्याच्या, दिसायला जुळ्या बहिणींसारख्या, आणि दुकानदार म्हणतो कोणतीही घ्या. कोणतीही कशी घेणार? पैसे माझ्या शाळेच्या पगारातले आहेत, त्याची काळजी नको. पण एकदाच घेता येईल. आवडली नाही तर तो दुसऱ्यांदा हात पुढे करणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तू ऐक आणि फुईच्या खेळात सांगायचो तसे सांग. साऱ्या गल्लीची आत्या, ती जसोदाफुई, आपल्याला ओट्यावर पाटी शिकवायची आणि कंटाळा आला की डोळे मिटायला लावून विचारायची, काय काय ऐकू येते? जो जसेच्या तसे सांगेल त्याला गुळाचा खडा. तू नेहमी वाढवून सांगायचास. या वेळी वाढवू नकोस.

पत्र शाळेच्या पत्त्यावरच पाठव. घरी कोणाला ठाऊक नाही. दादालाही नाही.

तुझी
हसुमती

मुंबई
१ मार्च १९६५

हसू मास्तरीणबाईंस,

तुझं पत्र वाचलं आणि आमच्या कापडाच्या पेढीवर बसल्या बसल्या जिभेवर गूळ आला. एक सांगतो, मी वाढवून सांगायचो म्हणूनच फुई मला आधी विचारायची. तू खरं सांगायचीस, पण तोवर ऐकणारे उठून जायचे. आणि रती काहीच सांगायचा नाही, बासरी काढून तो आवाज वाजवूनच दाखवायचा आणि खडा घेऊन जायचा. लबाड!

तर ऐक. एका शनिवारी मी पहिली ऐकली. दुकानात एक म्हातारा गोवेकर आहे, गिऱ्हाइकाला वाजवून दाखवणं हेच त्याचं काम. चेहरा असा की जणू सकाळपासून दात दुखतोय. पण कांडी तारेवर ठेवली आणि हसू, मी मुंबईतून उठून एकदम शहाद्याच्या सडकेवर! नाल्यापलीकडे तारेचे खांब होते ना, शाळेतून येताना आपण त्यांना कान लावायचो? वारा असला की आत घुमायचं? अगदी तोच आवाज. बारीक, लांब, चकाकता. संपला असं वाटतं आणि संपत नाही.

दुसरी पुढच्या शनिवारी ऐकली. ती भरलेल्या गळ्याची. तुमच्या मळ्यातल्या मोटेच्या पाण्याखाली मामी, तुझी माय, पितळी घागर धरायची, आणि ती गळ्याशी आली की जसा गोल आवाज व्हायचा, तसा. गोड आहे, पण जरा झोपाळू.

माझं मत विचारशील तर खांब घे. खांबाचा आवाज हसरा आहे. रतीला आता हसऱ्या आवाजाची गरज आहे. हो म्हणालीस की मी दुकानात सांगतो, पार्सल नंदुरबार स्टेशनला येईल.

तुझा
शांतीलाल

ता. क. मुंबईत सात वर्षं झाली, पण एवढ्या वर्षांत मी एकदाही कुठल्या खांबाला कान लावला नाही. इथे लावला तर पोलीस विचारतील.

कळसाडी
९ मार्च १९६५

शांतूभाऊ,

पत्र चार वेळा वाचले. वाचताना तुम्ही दोघे पुढे आणि मी मागे, माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला, असे सगळे दिसले. पण मला हो म्हणता येत नाही. खांबाचा आवाज हसरा होता असे मला आठवतच नाही. मला तो रडका आठवतो. दूर कोणी बाई एकटीच गात असावी तसा. आता दोघांपैकी कोणाचे खरे?

म्हणून मी जाऊन पाहिले. सडकेवरचे जुने लाकडी खांब गेले, लोखंडी आले. नाल्यापलीकडे एकच लाकडी उरला आहे. शाळा सुटल्यावर तिथे गेले आणि आजूबाजूला कोणी नाही असे पाहून कान लावला. पहिल्या दिवशी वारा नव्हता. दुसऱ्या दिवशी होता. शांतूभाऊ, तो हसतही नाही आणि रडतही नाही. तो नुसता लांब आहे. हसरे आणि रडके आपण घरून घेऊन जात असू.

मोट मात्र नाही सापडली. तू गेल्यावर तिसऱ्या वर्षी गावात वीज आली आणि एकेका मळ्यात पंप बसले. मोटेचे पाणी पडायचे त्या आपल्या थारोळ्यात आता शेवाळ आहे. चाक बापूंनी काढून गोठ्यात ठेवले आहे. त्याची कुरकुर किती वर्षांत ऐकली नाही, हे तुझे पत्र वाचेपर्यंत लक्षातही आले नव्हते. ते वाचून कसेसेच झाले. घागर आहे, ती हौदाच्या नळाखाली धरून पुन्हा पुन्हा भरली आणि ओतली. माय म्हणाली, "एकच घागर कितला डाव भरशी वं? पानी का गोड व्हनार शे?" आवाज गळ्याशी येईपर्यंत गोल असतो हे खरे, पण तोंडाशी येतो तेव्हा चढतो आणि बारीक होतो. म्हणजे घागरीत शेवटी खांब आहेच.

आता एक विचारते, रागावू नकोस. पहिली गिटार तू एका शनिवारी ऐकलीस आणि दुसरी पुढच्या. विजेच्या गिटारीचा आवाज तिच्यातून येत नाही, शेजारच्या पेटीतून येतो, असे तूच पूर्वी लिहिले होतेस. दोन्ही वेळी पेटी तीच होती का? इथे संध्याकाळी सगळे पंप चालू झाले की आमचा दिवा तांबडा होतो. दिवा तोच असतो.

हसुमती

मुंबई
२७ मार्च १९६५

हसू,

पेटी तीच नव्हती.

झालं तुझं समाधान? दुकानात गेलो आणि म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, खांबाच्या दिवशी मोठी पेटी होती, ती विकली. घागरीच्या दिवशी लहान. मग मी दोन्ही गिटारी एकाच पेटीवर, एकापाठोपाठ एक वाजवायला लावल्या. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्याचा दात आता मीच उपटतोय. मी डोळे मिटून पाठ फिरवून उभा राहिलो आणि कोणती कोणती ते सांगायला लागलो. निम्म्या वेळा चुकलो! थोडा फरक आहे, नाही असं नाही. पण मी जो खांब आणि जी घागर ऐकली ती बरीचशी पेटीची होती, आणि उरलेली माझी. गावाची आठवण येत होती, समोर तार वाजली, आणि मी तिच्यात नाला, सडक, मामीची घागर सगळं भरून टाकलं. फुई असती तर खडा मिळाला नसता.

पण ऐक, खरा फरक दुसरीकडे निघाला. मी म्हाताऱ्याला हाताची गोष्ट सांगितली. त्यानं गिटार माझ्याच मांडीवर ठेवली. मी काडेपेटीच्या दोन काड्या लावून अनामिका रुमालानं सरळ बांधली आणि करंगळी तळहाताशी दुमडून बांधली. दुकानातले सगळे बघत होते. कांडी अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत धरतात. मागची बोटं कांडीच्या मागून तारांवर नुसती आडवी पडायची असतात, म्हणजे मागच्या तारा खणखणत नाहीत. म्हातारा म्हणाला, शिकणाऱ्यांचं हे बोट सारखं वाकतं, ती सवय मोडायला वर्ष जातं. रतीचं बोट वाकतच नाही! तू चूक दुरुस्त केली नसतीस तर मी म्हाताऱ्याला सांगितलं असतं की दोन्ही बोटं नाहीत, आणि तो म्हणाला असता, मग नाद सोडा.

तर फरक असा. खांबाच्या तारा थोड्या लांब आणि ताठ आहेत, कांडी त्यांच्यावर तरंगते. घागरीच्या आखूड आणि सैल, कांडी जरा दाबली गेली की सूर खाली बसतो. माझं बांधलेलं बोट खांबावर बरं पडलं. पण माझ्या बोटाला स्पर्श कळतो, त्याच्या बोटाला कळत नाही. तो किती दाबेल ते मी कसं सांगू? हे पत्रानं ठरत नाही, हसू. तो हात इथे यायला हवा.

बापूंना सांग की मुंबईच्या मोठ्या डॉक्टरला हात दाखवायचा आहे. लगेच पाठवतील.

शांतीलाल

कळसाडी
१० एप्रिल १९६५

शांतूभाऊ,

दादाला सांगितले. खरे म्हणजे त्यानेच विचारले.

परवा मी पुन्हा त्या खांबापाशी गेले होते. काही कारण नव्हते, वारा होता म्हणून गेले. कान लावून डोळे मिटले होते. मागून आवाज आला, "काय करी ऱ्हायनी वं? खांबले कान लाई काय ऐकस?"

दादा. कळकाची काठी घेऊन उभा. म्हणाला, मागच्या महिन्यातही त्याने मळ्यातून पाहिले होते, दोन दिवस लागोपाठ. "माले वाटनं, बहीनले याड लागनं. मास्तरीनले लागस म्हनतस."

मी हसले आणि मग मला रडू आले. सगळे सांगून टाकले. दोन्ही गिटारी, दोन्ही शनिवार, तुझी काडेपेटी, रुमाल. काडेपेटीशी तो जरा हसला. "शांतू अजून तसाच शे," म्हणाला. मी म्हणाले, दादा, एकदा हात लावून बघ, नाही जमले तर नाही. तर म्हणाला, "बापूले काय सांगशी?"

मी म्हणाले, बापूंना वाटते तुझे मन बासरीत होते.

तो काठीने माती उकरत राहिला. नंतर जे बोलला ते तुला जसेच्या तसे लिहिते. "बासरी नही व्हती मनमा, हसू. मी चरकमा ऊस लावी ऱ्हायंतू. बैल उधळना. चरक एकदम जोरमा फिरना." मी विचारले, मग सांगितले का नाहीस? तो म्हणाला, "बैल कोन हाकी ऱ्हायंता?"

शांतूभाऊ, त्या दिवशी बैल बापू हाकत होते.

म्हणजे वर्षभर बापू बासरीला दोष देत राहिले आणि दादाने तो देऊ दिला. बासरीला दिलेला दोष बापूंना पेलतो, स्वतःला दिलेला पेलणार नाही, असे त्याने ठरवले आणि त्यासाठी बासरीच नाही, बोलणेही सोडले. मला शपथ घालतो आहे की बापूंना सांगायचे नाही. मी शपथ घेतली नाही, पण सांगणार नाही असा शब्द दिला.

मुंबईला येण्याबद्दल तो हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. परतताना त्याने कान लावला, माझ्यासारखा लपून नाही, उघड, आणि हात उपरण्यातून काढून खांबावर ठेवला. म्हणाला, "आते बी तोच सूर शे." कोणता सूर ते मला कळले नाही.

हसुमती

मुंबई
१७ एप्रिल १९६५

हसू,

पत्र पेढीवर वाचलं आणि उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

आता मी सांगतो ते कर. बापूंना खरं सांगून टाक. बैल उधळले हे कळलं की ते रतीला एका शब्दानं अडवणार नाहीत. पाठवतीलच, वर स्वतः स्टेशनवर सोडायला येतील. तू तर खऱ्यासाठी जीव टाकणारी! नसेल सांगायचं तर डॉक्टरचं कारण आहेच. दोन्हीपैकी एक कर, पण लवकर. म्हाताऱ्यानं दोन्ही गिटारी बाजूला ठेवल्यात, पण मेअखेरीनंतर ठेवणार नाही म्हणतो.

मामींना नमस्कार. आखाजीला (इथे अक्षय्य तृतीया म्हणतात) या वर्षीही येता येणार नाही. अंगणात झोका बांधला की माझ्या नावानं एक झोका घे.

शांतीलाल

कळसाडी
२६ एप्रिल १९६५

शांतूभाऊ,

दोन्हीपैकी एकही करणार नाही.

डॉक्टरचे खोटे मला बोलता येणार नाही, तू ओळखतोसच. बापू विचारतील डॉक्टर काय म्हणाला, आणि माझा चेहरा सांगेल. बैलांचे खरे आहे, पण ते माझे नाही, दादाचे आहे. त्याने ते वर्षभर इतके जपले आणि मी एका गिटारीसाठी बापूंच्या अंगावर टाकू? फुईने जसे असेल तसे सांगायला शिकवले. पण ऐकलेले सगळे सांगायलाच हवे असे काही ती म्हणाली नव्हती, हे माझ्या आता लक्षात येते आहे.

खांबापाशी बोललो त्या दिवसानंतर काय झाले ते लिहिते. दादाने गोठ्यात एका फळीला दोन खिळे मारून तार ताणली आहे. पंपाच्या दुरुस्तीत उरलेला नळीचा एक तुकडा कांडीसारखा धरतो. आवाज फार होत नाही, विजेची पेटी नाही ना. माशी गुणगुणल्यासारखा. दुपारी माय निजली की तो तिथे असतो. मी दारातून ऐकते, आत जात नाही. पहिल्या आठवड्यात नुसते ओरखडे होते. काल एक ओळ आली, ज्वारीच्या माळ्यावर तो वाजवायचा तिची अर्धी. तिथे अडकला, पुन्हा सुरुवातीपासून. तू असतास तर डोळे मिटून सांगितले असतेस की कणसे पिकली आहेत. मी एवढेच सांगते की अर्धी ओळ आली.

मी दारातून मागे वळले तर अंगणात बापू. बैलांना पाणी दाखवायला आले असावेत. ते किती वेळ उभे होते मला माहीत नाही. माझ्याकडे पाहिले नाही, गोठ्याकडेच पाहत होते. दादा आत वाजवत होता, त्याला कळले नाही. मग बापू बैलांना तसेच पुन्हा मळ्याकडे घेऊन गेले, पाणी न दाखवता. रागाने की कशाने, सांगता येत नाही. सांगता येत नाही ते मी सांगणार नाही. जेवताना दादाचा डावा हात मांडीआड नव्हता, ताटाच्या कडेला होता, आणि बापूंनी त्या हाताजवळ मिठाची वाटी सरकवली.

म्हणून मी ठरवले आहे. आपल्याकडे आखाजीला जुन्या सालदाराचे, वर्षाच्या गड्याचे, साल संपते, नवा ठरतो, आणि वर्षभर कोणी कोणते काम करायचे ते बापू ओट्यावर बसून बोलतात. त्या दिवशी कोणी काही मागितले तर निदान ऐकून घेतात. नव्या सालदाराचे बोलणे झाले आणि माणसे उठली की मी बापूंसमोर बसेन. म्हणेन, रतिदादाला घेऊन मी मुंबईला शांतूभाऊकडे जाणार आहे, सुरतेवरून. त्याला एक वाद्य हातात घेऊन बघायचे आहे. तुम्ही परवानगी द्या. डॉक्टर नाही, बैल नाही, बासरीचेही नाव नाही. वाक्य पाठ केले आहे. त्यांनी विचारले की कसले वाद्य, तर खरे सांगेन. नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारेन.

दादाला सांगितले आहे. तो म्हणाला, "मी बी तुन्हासंगे बसस."

तोवर म्हाताऱ्याला म्हण, दोन्ही राहू दे, कोणतीही देऊ नको. आखाजी चार तारखेला आहे. मंगळवारी, ४ मे रोजी सकाळी, आम्ही दोघे बापूंना विचारणार.

हसुमती